एक फोन, एकतीस मुलं: वर्गात ऑनलाइन साधनं पहिल्यांदाच वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

आमच्या शाळेत लोकसहभागातून टीव्ही आला तेव्हा गावाने नारळ फोडला, फोटो काढले, आणि पुढची दोन वर्षं त्या टीव्हीवर कापडी कव्हर होतं. ते कव्हर मीच शिवलं होतं. धूळ बसू नये हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे तो चालू करायची मला भीती वाटायची. चौथीतली पोरं घरी बापाच्या फोनवर जे सहज करतात ते बाईंना भर वर्गात जमलं नाही, तर?

आता तो टीव्ही आठवड्यातून तीन-चार दिवस चालतो. मधल्या काळात जे चुकलं, जे जमलं, ते क्रमाने लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग घेते. पट ३१. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर इन्क्रिमेंट अडू नये म्हणून केलेलं एमएस-सीआयटी, बास. तेव्हा मला जमलं ते तुम्हाला जमणार नाही असं काही नाही.

एक खुलासा आधीच करते. 'ऑनलाइन' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्यासाठी ऑनलाइन म्हणजे यू-डायस, सरल, शालार्थ ही माहिती भरायची सरकारी संकेतस्थळं आणि रात्री साडेनऊला ग्रुपवर पडणारी 'आजच भरा' अशी लिंक. इथे माहिती भरण्याचं काहीही नाही. इथे फक्त फळ्यासमोरच्या पाऊण तासाचं बोलू.

१. आधी अडचण लिहा, ॲप नंतर शोधा

प्रशिक्षणात दोन दिवसांत बारा ॲप दाखवतात. आपण बाराच्या बारा फोनमध्ये घेतो, फोन भरतो, आणि सोमवारी वर्गात खडूच हातात असतो. माझं अगदी हेच झालं होतं.

त्यापेक्षा वहीच्या मागच्या पानावर एकच वाक्य लिहा: माझ्या वर्गात कुठे अडतं? माझं वाक्य असं होतं: 'अपूर्णांक शिकवून झाल्यावर "समजलं का?" विचारलं की सगळे "हो बाई" म्हणतात, आणि वहीत १/२ + १/३ = २/५ सापडतं.' म्हणजे मला व्हिडिओ नको होता. कोणाला समजलं नाही हे त्याच तासाला कळायला हवं होतं. त्यासाठी वेगळं साधन लागतं (सहाव्या मुद्द्यात येतंय). तुमची अडचण वाचनाची असेल तर साधन वेगळं, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची असेल, म्हणजे वीजप्रवाह वगैरे, तर वेगळं.

पहिल्या सत्रात एकच साधन घ्या. दुसरं दिवाळीनंतर.

२. सामान आणि कागद

माझ्याकडे आहे ते असं:

- एक अँड्रॉइड फोन. माझा स्वतःचा, चार वर्षं जुना.
- टीव्ही. प्रोजेक्टर असेल तर खिडक्यांना पडदे लागतील, नाहीतर दुपारी काही दिसत नाही.
- पाच मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड. शाळेतला प्लग नेमका टीव्हीच्या विरुद्ध भिंतीला असतो, हा नियमच आहे.
- फोन टीव्हीला जोडायची सोय. यावर खाली सविस्तर.
- पॉवर बँक, आणि नेटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला सहकाऱ्याचा फोन.
- कागदपत्रांत तीन गोष्टी: मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जाची पोच, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातली एक ओळ ('वर्गात मोबाईल व टीव्हीचा शैक्षणिक वापर करण्यास मान्यता'), आणि पालकांची सहीची संमतिपत्रं. ती इतिवृत्तातली ओळ फालतू वाटेल, पण 'बाई तासाला मोबाईल घेऊन बसतात' असं गावात कोणी म्हटलं की तीच कामाला येते.

आता केबल. इथे बहुतेकांचे पैसे बुडतात, माझेही बुडाले. टाइप-सीचं टोक असलेली एचडीएमआय केबल बाजारात मिळते. आपल्याला वाटतं, आपल्या फोनलाही टाइप-सी आहे, म्हणजे चालणार. चालत नाही. टाइप-सी असलेल्या प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर पडतंच असं नाही. फोनमध्ये ती सोय कंपनीने दिलेली असावी लागते आणि स्वस्त फोनांत ती सहसा नसते. मी केबल घेऊन आले, लावली, फोन नुसता बघत राहिला. दुकानदार म्हणाला, केबल उघडली, आता परत घेता येत नाही. म्हणून केबल घेताना तुमचा फोन आणि दुकानातला टीव्ही दोन्ही जोडून चित्र दाखव म्हणा, मगच पैसे द्या.

केबलशिवायचे रस्ते दोन. टीव्हीत स्क्रीन मिररिंग म्हणजे मिराकास्ट असेल आणि तुमचा फोनही ते देत असेल, तर नेट लागत नाही. फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. 'कास्ट'चं बटण वापरायचं असेल तर मात्र फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. शाळेत वायफाय नसतं, म्हणून सहकाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि आपला फोन व टीव्ही दोन्ही त्यावर घ्यायचे. आधी शनिवारी शाळा सुटल्यावर करून बघा. घरी केलेला सराव धरू नका. घरचा टीव्ही वेगळा, घरची रेंज वेगळी.

३. शाळेचं वेगळं खातं उघडा

स्वतःच्या जीमेलवर वर्गाचं काम चालवू नका. शाळेच्या नावाने गुगलचं नवीन खातं काढा. फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांत मिळून असते. पुरते. फक्त स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तिथे टाकू नका.

आता सापळा. आमच्या आधीच्या गुरुजींनी शाळेचं खातं काढलं होतं, स्वतःच्या नंबरवर. त्यांची बदली झाली. नंतर त्यांनी सिमही बदललं. पासवर्ड विसरला म्हणून बटण दाबलं की ओटीपी जायचा त्या बंद नंबरवर. तीन वर्षांचे फोटो, प्रश्नपत्रिका, सगळं आजही त्या खात्यात कुलूपबंद आहे. म्हणून खात्याला रिकव्हरी नंबर मुख्याध्यापकांचा आणि रिकव्हरी ईमेल दुसऱ्या शिक्षकाचा द्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केलीत तर गुगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून बंद पाकिटात कपाटात ठेवा. बदलीच्या कार्यमुक्तीच्या यादीत जशा कपाटाच्या किल्ल्या लिहितो तसंच हे खातंही लिहून द्यायचं.

आणि मुलांची खाती? १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं गुगल खातं काढता येत नाही, पालकांनी गुगलच्या फॅमिली लिंक ॲपमधून काढावं लागतं. प्रशिक्षणात कोणीतरी हमखास सांगतं की जन्मसाल मागचं टाका. टाकू नका. चौथी-पाचवीला मुलांच्या खात्याची गरज पडत नाही. खाली जी साधनं सांगते आहे त्यांतलं एकही मुलाच्या लॉगिनवर अडत नाही.

४. टीव्हीला फोन लावण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब'

हा मुद्दा लहान आहे, पण स्वतंत्र क्रमांक देतेय. फोन टीव्हीवर दिसत असताना वर येणारा प्रत्येक मेसेजही टीव्हीवर दिसतो. परिसर अभ्यासाच्या तासाला, जलचक्र चालू असताना, माझ्या जाऊबाईंचा मेसेज बेचाळीस इंची पडद्यावर उमटला: 'अगं त्या साडीचे पैसे कधी देतेस?' मुलांनी तो मोठ्याने, सुरात वाचला. आजही वर्गात वाचन घेताना मला ती लय ऐकू येते.

तेव्हा क्रम असा: डू नॉट डिस्टर्ब चालू, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ दहा मिनिटं, बाकीचे सगळे ॲप बंद, ब्राउझरचे जुने टॅब बंद, आणि मगच कास्ट.

५. दीक्षा: पुस्तकातला तो चौकोन

बालभारतीच्या पुस्तकांत जे क्यूआर कोड असतात ते केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन केले की त्या पाठाचे व्हिडिओ, सराव प्रश्न वगैरे उघडतं. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायची कल्पना आपल्याकडे आधीच रुजली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी त्यासाठीच सगळ्यांना माहीत झाले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला.

पायऱ्या थोडक्यात: ॲप घ्या, भाषा मराठी, बोर्ड महाराष्ट्र, माध्यम आणि इयत्ता निवडा, स्कॅनचं चिन्ह दाबा.

अडतं ते इथे:

कोड स्कॅन होत नाही. पुस्तक वर्षभर दप्तरात घासलेलं असतं, आणि गेल्या वर्षीच्या मुलाने त्या चौकोनावर मिशा काढलेल्या असतात. कोडच्या खाली छापलेली सहा अक्षरं-आकडे असतात ती ॲपमध्ये हाताने टाका, तेच उघडतं.

व्हिडिओ अडकत-अडकत चालतो. घरी किंवा रेंज असेल तिथे आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. दीक्षात डाउनलोड केलेलं नेटशिवाय चालतं.

व्हिडिओ उघडतो, पण उपयोगाचा नसतो. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. काही घटक सुरेख आहेत, काहींत पाठच कोणीतरी संथ आवाजात वाचून दाखवलाय. वर्गात लावण्याआधी पूर्ण बघा, शेवटपर्यंत. मी आता बहुतेक वेळा सहा मिनिटांच्या व्हिडिओतली मधली दीड मिनिटंच लावते, थांबवते, आणि विचारते, 'पुढे काय होईल?' तेवढाच त्याचा उपयोग. सलग लावला की मुलं शांत बसतात आणि आपल्याला वाटतं ती शिकतायत.

६. प्लिकर्स: मुलांच्या हातात पुठ्ठा, तुमच्या हातात फोन

एकच साधन शिकायचं असेल तर हे शिका. यात मुलांकडे काहीही यंत्र लागत नाही. प्रत्येक मुलाकडे एक कार्ड असतं, त्यावर काळं-पांढरं चौकोनी चित्र आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर 'बी' असेल तर 'बी' वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. तुम्ही फोनवर प्लिकर्सचं ॲप उघडून, वर्गावरून सावकाश नजर फिरवता तसा फोनचा कॅमेरा एकदा फिरवायचा, आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी फोनवर येतं. प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं असल्यामुळे शेजारच्याचं बघून तसंच धरता येत नाही, आणि अक्षरं इतकी बारीक असतात की मागच्याला दिसत नाहीत. जे मूल कधीच हात वर करत नाही, तेही इथे उत्तर देतं.

तयारी अशी:

पहिलं, प्लिकर्सच्या संकेतस्थळावर शिक्षक म्हणून खातं काढा, वर्ग तयार करा, मुलं भरा. पूर्ण नाव, आडनाव काही नको, 'आर्या प.' एवढं पुरे. प्रत्येक मुलाला कार्डाचा क्रमांक मिळतो. तो हजेरी क्रमांकाशी जुळवून घ्या. माझा जोडवर्ग आहे म्हणून चौथीला १ ते १६ आणि पाचवीला २१ ते ३५ दिलेत, म्हणजे कार्ड बघूनच इयत्ता कळते.

दुसरं, कार्डं तिथूनच फुकट उतरवून छापा. साध्या संचात ४० कार्डं असतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. हौसेने लॅमिनेशन करू नका. मी केलं. चकचकीत प्लास्टिकवर उजेड पडला की कॅमेऱ्याला चित्राच्या जागी पांढरा डाग दिसतो. सगळं सोलून पुन्हा छापावं लागलं. लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग चिकटवायला उत्तम, घरोघरी फुकट मिळतात.

तिसरं, पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारू नका. मुलांना कार्ड धरायचा सराव हवा. अंगठा काळ्या भागावर आला तर कार्ड वाचलं जात नाही. पांढऱ्या कडेला दोन्ही हातांनी, छातीसमोर धरायचं. मी विचारलं, 'सकाळी काय खाऊन आलात?' ए भाकरी, बी पोळी, सी चहा-बिस्किट, डी काहीच नाही. सराव म्हणून विचारलं होतं, आणि पाच कार्डं 'डी'वर आली. तोंडी विचारलं असतं तर एकानेही सांगितलं नसतं. त्या दिवशीपासून सकाळचा पहिला तास मी गणिताचा ठेवत नाही.

चौथं, प्रश्न. इथे खरी मेहनत आहे. चुकीचे पर्याय असेच कुठलेही देऊ नका, मुलं ज्या चुका करतात त्याच पर्याय म्हणून द्या. १/२ + १/३ ला मी ५/६, २/५, २/६ आणि १/५ दिले. हजर २८. बरोबर ९. आणि १७ जण एकाच पर्यायावर: २/५. अंशात अंश, छेदात छेद मिळवणारे सतरा. आदल्या दिवशी याच सतरा जणांनी 'हो बाई' म्हटलं होतं.

मग टीव्ही बंद केला. वहीचा कागद घेतला, आडवी एक घडी, उभ्या दोन, झाले सहा चौकोन. अर्धा म्हणजे किती चौकोन? तीन. एक तृतीयांश म्हणजे? दोन. मिळून किती? पोरं स्वतःच 'सहातले पाच' म्हणाली. कार्डांनी फक्त कुठे दुखतंय ते दाखवलं, औषध कागदाच्या घडीतच होतं. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून, १/२ + १/४ नव्हे (ते पाठ असतं) तर १/३ + १/४ विचारलं, २७ पैकी २० बरोबर.

टीव्ही नसेल तरी हे चालतं. प्रश्न फळ्यावर लिहा आणि फोनने स्कॅन करा. फोनला नेट लागतं, पण व्हिडिओसारखं भरपूर नाही.

दोन सूचना. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात, बसण्याची दिशा बदला. आणि टीव्हीवर निकाल दाखवताना नावं दाखवू नका, फक्त कुठल्या पर्यायाला किती ते दाखवा. फोनवर नावं तुमच्यापुरती ठेवा. एकदा माझ्याकडून नावं दिसली आणि पुढचे चार दिवस एका मुलीचं कार्ड रोज 'हरवत' होतं.

७. गुगल फॉर्म: घरच्या सरावासाठी

आधी एक मोजणी करा: किती घरांत संध्याकाळी मुलाच्या हाती फोन येतो? माझ्याकडे ३१ पैकी १९. बाकीच्या बारा जणांना मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर सोडवायला देते. हे जमणार नसेल तर फॉर्मच्या वाटेला जाऊ नका, कारण मग वर्गात फोनवाले आणि बिनफोनवाले अशा दोन जाती पडतात.

फॉर्म तयार करणं सोपं आहे: नवीन फॉर्म, सेटिंगमध्ये क्विझ चालू, प्रश्न, उत्तरसूची, गुण. दहा प्रश्न पुष्कळ झाले. सापळे मात्र भरपूर, ते घ्या:

उत्तरात आकडा टाइप करायला लावलात तर गंमत होते. उत्तरसूचीत तुम्ही मराठी '७' लिहिलेला असतो आणि मूल फोनच्या कीबोर्डवरून इंग्रजी सात टाकतं. फॉर्मला ती दोन वेगळी चिन्हं वाटतात, उत्तर चूक. माझ्या पहिल्या चाचणीत पाढे तोंडपाठ असलेल्या पोराला शून्य गुण आले आणि त्याचा बाप शाळेत आला. उत्तरसूचीत दोन्ही आकडे बरोबर उत्तर म्हणून टाका, किंवा सरळ पर्यायी प्रश्न ठेवा.

पर्यायांची अदलाबदल चालू केली असेल तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय कधीकधी सगळ्यात वर येऊन बसतो. एक तर अदलाबदल बंद, नाहीतर तो पर्याय नको.

'एकदाच उत्तर' हे बंधन लावलं की फॉर्म गुगल लॉगिन मागतो. फाइल जोडायला सांगितली तरी मागतो. पालक तिथेच सोडून देतात. दोन्ही बंद ठेवा.

नाव टाइप करायला लावू नका. एकच 'ज्ञानेश्वरी' पाच प्रकारे लिहिली जाते आणि नंतर तक्ता लावताना डोकं उठतं. खाली उघडणाऱ्या यादीतून हजेरी क्रमांक निवडायला द्या.

फॉर्मसोबत ड्राइव्हवरची पीडीएफ पाठवणार असाल तर पाठवण्याआधी ती 'लिंक असलेल्या कोणालाही' बघता येईल अशी करा. मूळ सेटिंग बंदिस्त असतं. मी तसंच पाठवलं, आणि रात्री अकरापर्यंत पालकांच्या परवानगी-विनंत्यांचे ईमेल येत राहिले.

घरून फॉर्म भरायची वेळ सकाळी नऊपर्यंत ठेवा. बाप कामावरून आठला येतो, फोन त्याच्या खिशात असतो, जेवणं होतात, मग मुलाच्या हाती येतो.

८. बाकीची, धावती

फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर विद्यापीठाचा हा प्रकल्प; नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर हाताळता येतात, कितीतरी मराठीतही आहेत. लॅपटॉपवर उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचा प्रयोग आमच्या मुलांनी स्वतः सेल-वायर जोडून केल्यानंतरच मी दाखवला, उलट क्रमाने नको. पडद्यावरचा बल्ब कधी सैल होत नाही, खरा होतो.

रीड अलाँग. गुगलचं वाचनाचं ॲप, मराठी आहे. मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून दुरुस्त करतं. गोष्टी आधी उतरवून ठेवा. वर्गाच्या गोंगाटात ते गोंधळतं, व्हरांड्याच्या टोकाला एका मुलाला बसवा. बोलीतला उच्चार त्याला कधी चूक वाटतो, तेव्हा मुलाला नाउमेद होऊ देऊ नका.

कहूट. फोनवर खेळायची प्रश्नमंजुषा, माध्यमिकच्या शिक्षकांना आवडते. प्रत्येकाकडे किंवा गटाकडे फोन लागतो, आणि लवकर उत्तर दिलं की जास्त गुण. हळू वाचणारं मूल त्यात दर वेळी मागे पडतं, म्हणून मी वापरत नाही. तुमची आठवी-नववी असेल तर बघा.

प्रश्न काढून देणारी एआय साधनं मीही वापरते, पण एक तपासणी पक्की: प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवायचा. एकदा म्हणींचे अर्थ विचारले तर 'नाचता येईना अंगण वाकडे'चा अर्थ चक्क अंगणाच्या बांधकामावर गेला होता.

९. मराठी टाइप करताना

फोनवर जीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि बोलून टाइप करायला शिका, निम्मा वेळ वाचतो. संगणकावर युनिकोडच वापरा. आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. त्या तशाच फॉर्ममध्ये चिकटवल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा उमटतो, कारण ते फॉन्ट आतून इंग्रजीच्या जागा वापरतात. फॉन्ट बदलून ते सुधारत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागतं. त्यानंतरही र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

१०. नेट गेलं, लाइट गेली

जाणारच. त्यामुळे तासाच्या टाचणात मी दोन ओळी लिहिते. पहिली: टीव्हीवर काय. दुसरी: टीव्ही नाही तर काय. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो तास अजून तयार नाही असं समजते.

आणि तीन मिनिटांचा नियम. काही अडलं तर तीन मिनिटं खटपट करायची, नंतर बंद करून फळ्याकडे वळायचं. मी एकदा वीस मिनिटं कास्ट जोडत होते. मुलांनी त्या वेळात मागच्या बाकावर लगोरी मांडली होती. पाचवीतल्या दोघांना मी 'टीव्ही मॉनिटर' नेमलंय, तांत्रिक अडचण आली की तेच बघतात. अगदी सुरुवातीला सांगितलेली माझी भीती आठवा. पोरांना आपल्यापेक्षा जास्त येतं हे खरं निघालं, पण त्याचा त्रास व्हायच्या ऐवजी उपयोगच होतो.

११. पालकांचा ग्रुप आणि मुलांची माहिती

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकेल असं ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सुप्रभातचे फुलांचे फोटो आणि चौथ्या दिवशी राजकारण सुरू. गुणांची यादी ग्रुपवर टाकू नका, ज्याचं त्याला पाठवा.

मुलांचे फोटो, आधार क्रमांक, पत्ते कुठल्याही ॲपमध्ये भरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. संमतिपत्रात मी तीन ओळी छापते: कोणतं साधन, त्यात मुलाचं काय भरलं जाईल (नाव आणि आडनावाचं आद्याक्षर), आणि फोटो काढायला हो की नाही. 'नाही' लिहिणारे दोन पालक आहेत. फोटो काढताना ती दोन मुलं कॅमेरा धरतात.

१२. पहिल्या महिन्याचं वेळापत्रक

पहिला आठवडा: शनिवारी रिकाम्या वर्गात फोन-टीव्ही जोडून बघणं, खातं काढणं. मुलांसमोर काहीही नाही.

दुसरा: दीक्षाचा एक उतरवलेला व्हिडिओ, दीड मिनिट, एकदाच.

तिसरा: कार्डं छापणं, चिकटवणं. हे मुलांकडून करून घ्या, कार्यानुभवात बसतं. मग सरावाचा एक प्रश्न.

चौथा: अभ्यासाचे तीन प्रश्न, तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत.

कार्डं इयत्तावार रबर लावून खडूच्या डब्याशेजारी ठेवा, घरी देऊ नका. एखादं भिजलं, फाटलं किंवा उंदराने कुरतडलं तर फक्त त्या क्रमांकाचं पान पुन्हा छापायचं. वर्ग नव्याने भरायची गरज नाही.